क्रॅश डेटाबेसच्या लायब्ररीत दिसतो, चूक बहुधा तिथे नसते

तुमची अडचण थोडक्यात अशी: सी++ मधला ॲप, आत एसक्यूलाइट (ॲपच्या आतच चालणारी डेटाबेसची लायब्ररी), चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). दोन-तीन तास सुरळीत चालतो आणि मग कोसळतो. कधी सेगमेंटेशन फॉल्ट येतो, कधी जीलिबसीचा (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा) 'डबल फ्री ऑर करप्शन' हा संदेश येतो, आणि बॅकट्रेस (कोसळताना कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं त्याची यादी) बहुतेक वेळा एसक्यूलाइटच्या आत, मेमरी मागणाऱ्या फंक्शनपाशी संपतो. मेमरीही हळूहळू वाढत जाते. एसक्यूलाइटची आवृत्ती दोनदा बदलून झाली, तेव्हा क्रॅशची जागा बदलली पण क्रॅश गेला नाही. म्हणून लायब्ररीतच बग आहे का, असं तुम्ही विचारताय.

जवळजवळ खात्रीने सांगतो, नाही. एसक्यूलाइट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण त्या प्रकल्पाच्या चाचण्या प्रत्येक शाखाच नव्हे, तर अटीतला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासतात, आणि मेमरी मुद्दाम नाकारून कोड कसा वागतो हेही पाहतात. तुमच्या-माझ्या ॲपच्या एवढ्या चाचण्या कुणी केलेल्या नसतात. संशय घ्यायचाच तर आधी आपल्या कोडवर घ्यावा.

मग बॅकट्रेस लायब्ररीकडे बोट का दाखवतो? मॅलॉक, म्हणजे सी मधलं मेमरी वाटणारं फंक्शन, तुम्हाला मेमरीचा जो तुकडा देतो, त्याच्या अगदी शेजारी त्याचा स्वतःचा हिशेब ठेवलेला असतो: तुकडा किती मोठा, मोकळा की वापरात. तुमच्या कोडने हद्द ओलांडून चार बाइट जास्त लिहिले, किंवा सोडून दिलेल्या तुकड्यात लिहिलं, तर त्या क्षणी काहीच होत नाही. हिशेब बिघडतो आणि तसाच पडून राहतो. पुढे केव्हातरी कुणीतरी मेमरी मागतं किंवा परत करतं, मॅलॉक हिशेब वाचतो आणि तिथे कोसळतो. प्रत्येक क्वेरीमागे अनेकदा मेमरी मागणारा आणि सोडणारा कोड तुमच्या ॲपमध्ये कोणता? डेटाबेसचा. म्हणून तोच सापडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. आवृत्ती बदलल्यावर मेमरीची मांडणी बदलते, म्हणून क्रॅशही दुसरीकडे सरकतो. जागा बदलणं हीच खरं तर हीप (मॅलॉक ज्यातून तुकडे वाटतो तो मेमरीचा साठा) बिघडल्याची खूण आहे. एकाच ओळीवर, एकाच कारणाने, दर वेळी होणारा क्रॅश असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

तेव्हा कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची फाइलमधली प्रत) उघडून त्यात दिवस घालवू नका. कोअर डंप प्रेत दाखवतो, गुन्हा कधी घडला ते सांगत नाही. बिघाड झाला त्या क्षणीच ॲप थांबेल अशी व्यवस्था करा. त्यासाठी ॲड्रेस सॅनिटायझर आहे, मेमरीचा प्रत्येक वापर चालू असतानाच तपासणारं साधन. २०१२ मध्ये गूगलच्या लोकांनी तो मांडला, आणि आज जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांत तयार मिळतो. कंपाइल आणि लिंक अशा दोन्ही टप्प्यांवर तो पर्याय द्या, सोबत डीबग माहिती ठेवा, ऑप्टिमायझेशन पहिल्या पातळीवर आणा आणि फ्रेम पॉइंटर गाळू नका, नाहीतर स्टॅक (बॅकट्रेससारखीच कॉलची यादी) अर्धवट दिसतात. ॲप साधारण दुप्पट मंद होतो, तेवढं सहन करता येतं. सोडलेली मेमरी वापरली गेली की तो तीन स्टॅक छापतो: चुकीचा वापर कुठे झाला, ती मेमरी कुठे सोडली होती आणि मुळात कुठे मागितली होती. लोक पहिला स्टॅक वाचून थांबतात. उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यात असतं.

पण एसक्यूलाइटसोबत सॅनिटायझर वापरताना एक खाचखळगा आहे, आणि तो माहीत नसेल तर 'सॅनिटायझर चालवला, काही सापडलं नाही' असं म्हणून तुम्ही परत याल. एसक्यूलाइट लहान तुकड्यांसाठी दर वेळी मॅलॉककडे जात नाही. प्रत्येक कनेक्शन उघडताना तो एक मोठा तुकडा एकदाच घेतो, त्याचे छोटे कप्पे पाडतो आणि गरजेप्रमाणे स्वतःच वाटतो. याला लुकअसाइड म्हणतात. वेगासाठी ही सोय उत्तम, तपासासाठी मात्र अडचणीची. कप्पा 'सोडला' तरी मॅलॉकच्या दृष्टीने तो मोठा तुकडा वापरातच असतो, म्हणून सोडलेल्या कप्प्यात तुम्ही डोकावलात तरी सॅनिटायझरला काही वावगं दिसत नाही. कप्पा लगेच दुसऱ्या कामाला जातो आणि तुमच्या पॉइंटरला दुसऱ्याच स्ट्रिंगचे अवशेष दिसतात. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाचंही तेच होतं.

उपाय सोपा आहे. तपासाच्या बिल्डमध्ये एसक्यूलाइटची एकत्रित सी फाइल तुमच्या कोडसोबतच कंपाइल करा आणि लुकअसाइड वगळण्याचा कंपाइल पर्याय द्या. ते जमत नसेल तर कनेक्शन उघडल्याबरोबर, एकही क्वेरी चालवण्याआधी, कनेक्शनच्या सेटिंगमधून लुकअसाइडचा आकार आणि संख्या शून्य करा. स्वतः कंपाइल करताय तर डीबगचा पर्याय आणि 'एपीआय आर्मर' हेही चालू करा. आर्मर चालू असला की चुकीचे पॉइंटर दिल्यावर लायब्ररी बऱ्याच ठिकाणी कोसळण्याऐवजी 'मिसयूज' हा एरर परत करते. आणि एक गोष्ट जी जवळपास कुणीच करत नाही: एसक्यूलाइटचा एरर लॉग. सुरुवातीलाच, लायब्ररीचं कुठलंही काम सुरू होण्यापूर्वी, एक कॉलबॅक नोंदवता येतो. फायनलाइझ झालेलं स्टेटमेंट (काम संपवून सोडून दिलेली तयार क्वेरी) कुणी पुन्हा वापरलं तर लायब्ररी तिथे स्पष्ट शब्दांत तक्रार लिहिते. नशिबाचा भाग आहे, कारण ती तोवर सोडलेली मेमरीच वाचत असते, पण दहा ओळींच्या कोडला एवढं मोल पुष्कळ झालं.

आता संशयित. 'डबल फ्री', म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडणं, हा शब्द वाचताच माझं पहिलं बोट तुमच्या रॅपर क्लासकडे जातं. सी++ मध्ये स्टेटमेंटभोवती एक क्लास लिहिलेला असतो, डिस्ट्रक्टरमध्ये फायनलाइझ असतं, आणि कॉपी बंद करायची राहून जाते. मग कुणीतरी तो ऑब्जेक्ट व्हेक्टरमध्ये टाकतो किंवा फंक्शनला साध्या व्हॅल्यूने देतो. कंपायलर इमानेइतबारे पॉइंटरची नक्कल करतो, दोन ऑब्जेक्ट एकाच स्टेटमेंटचे मालक होतात आणि दोघेही ते फायनलाइझ करतात. ऑब्जेक्ट थेट व्हेक्टरच्या आतच बनवला असेल तर व्हेक्टर लहान असताना काही होत नाही, तो वाढून जागा बदलतो तेव्हा होतं. दोन-तीन तास लागतात याचं हे एक साधं कारण असू शकतं. कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट दोन्ही 'डिलीट' करून बिल्ड करा. जिथे कंपायलर ओरडेल त्या जागा एकेक करून वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, सॅनिटायझरच्याही आधी करा.

दुसरा संशयित टेक्स्ट कॉलम वाचण्याचा. कॉलमचा मजकूर मागितला की मिळणारा पॉइंटर तुमच्या मालकीचा नसतो, तो उसना असतो. स्टेटमेंट पुढच्या ओळीवर सरकवलं, रिसेट किंवा फायनलाइझ केलं, की त्याची मुदत संपते. त्याहून लबाड गोष्ट अशी की त्याच कॉलमची किंमत दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये मागितली तरी आधीचा पॉइंटर बाद होऊ शकतो, कारण रूपांतर जागच्या जागी होतं. जुन्या कोडमध्ये हा पॉइंटर तसाच स्ट्रक्टमध्ये ठेवलेला आढळतो. नव्या कोडमध्ये तोच आजार स्ट्रिंग व्ह्यूच्या (नक्कल न करता दुसऱ्याच्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या प्रकाराच्या) रूपाने येतो आणि दिसायला अगदी आधुनिक दिसतो. ओळ सरकण्याआधी मजकुराची नक्कल करा, वेग वगैरे नंतर बघू. कॉलममध्ये नल असेल तर पॉइंटरही नल येतो, आणि त्यापासून थेट स्टँडर्ड स्ट्रिंग बनवणं हे स्वतंत्र संकट आहे. टेस्टच्या डेटात नल क्वचितच असतात, खऱ्या डेटात असतातच.

तिसरा संशयित उलट दिशेचा आहे, म्हणजे क्वेरीला मजकूर बाइंड करतानाचा, तिच्यातल्या रिकाम्या जागी किंमत भरतानाचा. बाइंडच्या शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये तुम्ही 'स्टॅटिक' सांगितलं तर एसक्यूलाइट नक्कल करत नाही. तुम्ही दिलेला पत्ता जपून ठेवतो आणि गरज पडेल तेव्हा वाचतो. तात्पुरत्या स्ट्रिंगचा सी-पॉइंटर असा दिला, तर विधान संपताच ती स्ट्रिंग नष्ट होते आणि क्वेरी चालताना कचरा वाचला जातो. 'ट्रान्झियंट' सांगितलं तर तो लगेच नक्कल करतो. यातला बारकावा असा की रिसेट केल्याने बाइंडिंग पुसली जात नाहीत. स्टेटमेंट पुन्हा वापरताना पाचपैकी चारच पॅरामीटर नव्याने बाइंड केले, तर पाचवा मागच्या फेरीतला पत्ता धरून बसलेला असतो. अशा चुकीत ॲप बऱ्याचदा कोसळतही नाही, डेटाबेसमध्ये गुपचूप चुकीचा मजकूर जातो. कोडमध्ये 'स्टॅटिक' शोधा आणि प्रत्येक जागेसाठी स्वतःला विचारा, ही मेमरी क्वेरी संपेपर्यंत नक्की जिवंत आहे का. उत्तर द्यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर 'ट्रान्झियंट' करा.

चार थ्रेडबद्दल बोलायलाच हवं. एसक्यूलाइट तीन प्रकारे चालवता येतो: एकथ्रेडी, बहुथ्रेडी आणि सीरियलाइझ्ड. दुसऱ्या प्रकारात अनेक थ्रेड चालतात, पण एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडच्या हातात असलं पाहिजे. कनेक्शन उघडताना कुणी 'नो म्यूटेक्स' हा फ्लॅग दिला असेल (म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) आणि तेच कनेक्शन चारही थ्रेड वापरत असतील, तर हीप बिघडणारच. तो फ्लॅग वेगासाठी म्हणून सर्रास कॉपी-पेस्ट होतो. सीरियलाइझ्डमध्ये लायब्ररीचं अंतरंग सुरक्षित राहतं, पण उसन्या पॉइंटरना संरक्षण नसतं. एक थ्रेड मजकुराचा पॉइंटर घेऊन वाचत असताना दुसऱ्याने तेच स्टेटमेंट पुढे सरकवलं, तर म्यूटेक्स काय करणार? प्रत्येक थ्रेडला स्वतःचं कनेक्शन द्या. आणि ॲप कुठे फोर्क करत असेल, म्हणजे स्वतःची नक्कल असलेली चाइल्ड प्रोसेस सुरू करत असेल, तर उघडं कनेक्शन चाइल्ड प्रोसेसमध्ये नेऊ नका. हा नियम एसक्यूलाइटपुरता नाही, पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीलाही लागू आहे.

डेटाबेस दुसरा असला तरी मूळ प्रश्न हाच: ही मेमरी कुणाची आणि कधीपर्यंत? पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीत मिळालेली किंमत रिझल्ट क्लिअर करेपर्यंतच खरी, आणि क्वेरी फसली तरी रिझल्ट क्लिअर करावाच लागतो, हे बरेच जण विसरतात. मायएसक्यूएलमध्ये तयार स्टेटमेंटला तुम्ही व्हेरिएबलचे पत्ते देता आणि लायब्ररी नंतर त्यात लिहिते. ते व्हेरिएबल एखाद्या मदतनीस फंक्शनच्या स्टॅकवर असेल आणि फंक्शन केव्हाच परतलं असेल, तर लेखन दुसऱ्याच कुणाच्या घरात होतं.

ओडीबीसीतला (वेगवेगळ्या डेटाबेसशी ड्रायव्हरमार्फत बोलण्याच्या सामाईक पद्धतीतला) एक किस्सा सांगतो, कारण त्याने माझे तीन आठवडे खाल्ले. ३२ बिटवरून ६४ बिटवर नेलेला जुना कोड. कॉलम बाइंड करताना लांबीसाठी जो पत्ता द्यायचा, तिथे ड्रायव्हर आता ८ बाइट लिहितो, आणि कोडमध्ये तिथे ४ बाइटचा पूर्णांक होता. कास्ट केलेला, म्हणून कंपायलर गप्प. खालचे ४ बाइट बरोबर जागी जात, वरचे ४ शेजारच्या व्हेरिएबलमध्ये. लांबी साधी असली की वरचे बाइट शून्य, म्हणजे शेजारी शून्य होतो. कॉलम नल असला की ड्रायव्हर उणे एक लिहितो, म्हणजे शेजारीही उणे एक होतो. तो शेजारी एका लूपचा मोजक होता. लूप कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, कधी एक पाऊल आणखी मागे जाऊन ॲरेच्या बाहेर पडायचा. आम्ही लूप तपासत बसलो. प्रिंट टाकला की मांडणी बदलायची आणि बग पळायचा. शेवटी त्या मोजकाच्या पत्त्यावर जीडीबी या डीबगरमध्ये वॉचपॉइंट (तिथे कुणी लिहिलं की थांबवणारा पहारा) लावला आणि पहिल्याच फेरीत ड्रायव्हर रंगेहाथ सापडला. ड्रायव्हरचा दोष अर्थातच नव्हता. ज्यांच्या कोडमध्ये कास्ट आहेत त्यांनी ते आधी बघावेत, एवढं मी तेव्हापासून करतो.

आता वाढणाऱ्या मेमरीकडे. हे वेगळं दुखणं असण्याची शक्यता जास्त आहे, दोन्ही एकत्र सोडवायला जाऊ नका. आधी मोजा. एसक्यूलाइट स्वतः किती बाइट धरून आहे हे सांगणारं फंक्शन त्यात आहे. दर मिनिटाला तो आकडा आणि प्रोसेसची प्रत्यक्ष मेमरी शेजारीशेजारी लॉगमध्ये लिहा. एसक्यूलाइटचा आकडा स्थिर आणि प्रोसेस वाढते आहे, तर शोध तुमच्या कोडमध्ये किंवा मॅलॉकमध्ये. दोन्ही बरोबरीने वाढताहेत, तर बहुधा फायनलाइझ न झालेली स्टेटमेंट आहेत. एका कनेक्शनवरची सगळी उघडी स्टेटमेंट एकामागून एक मागता येतात आणि प्रत्येकाचा मूळ एसक्यूएल मजकूरही मिळतो. ती यादी छापली की गुन्हेगार स्वतःच्या नावानिशी समोर येतो. बहुतेक वेळा एरर आल्यावर मधूनच परतणारी एखादी वाट असते. साध्या क्लोजने कनेक्शन बंद करताना परत येणारी किंमतही तपासा. स्टेटमेंट उरली असतील तर ते 'बिझी' म्हणून नकार देतं आणि कनेक्शन तसंच राहतं. क्लोजचं 'व्ही२' हे दुसरं रूप नकार देत नाही, पण शेवटचं स्टेटमेंट जाईपर्यंत कनेक्शन भुतासारखं मागे राहतं.

यादीत हजारो जवळपास सारख्याच क्वेरी दिसल्या, फक्त आतला क्रमांक वेगळा, तर ओळखा की कुणीतरी स्टेटमेंटचा कॅश बनवलाय, चावी म्हणून एसक्यूएलचा मजकूर वापरलाय आणि किंमती मजकुरातच चिकटवल्या आहेत. प्रत्येक क्वेरी नवी चावी, कॅश फुगत जातो. लीक शोधणारी साधनं इथे गप्प बसतात, कारण कॅशमधून प्रत्येक स्टेटमेंटपर्यंत पॉइंटर पोहोचतो, म्हणजे त्यांच्या व्याख्येत ते लीकच नाही. पॅरामीटर बाइंड करा. मेमरीही आटोक्यात येईल आणि एसक्यूएल इंजेक्शनचं दारही बंद होईल.

काही वाढ मात्र निव्वळ हिशेबाची असते. एसक्यूलाइटचा पेज कॅश मुळात प्रत्येक कनेक्शनला साधारण २००० किलोबाइटपर्यंत वाढू शकतो. ५० कनेक्शन उघडी ठेवलीत तर जवळपास १०० मेगाबाइट झाले, आणि ते लीक नव्हे. वाढ काही वेळाने सपाट होते का ते पाहा. जीलिबसीचा मॅलॉकही अनेक थ्रेड असताना वेगवेगळे अरीना (मेमरीचे स्वतंत्र साठे) उघडतो, ६४ बिटवर कोअरच्या आठपटीपर्यंत, आणि सोडलेली मेमरी लगेच सिस्टमला परत देत नाही. पर्यावरण चलातून अरीनांची कमाल संख्या २ करून ॲप पुन्हा चालवा. आलेख खाली आला तर तुमच्याकडे लीक नव्हतंच.

दोन-तीन तासांची वाट पाहणं हा तपासातला सर्वात मोठा खर्च आहे, तो आधी कमी करा. खऱ्या डेटाची प्रत घ्या, तीच कामं लूपमध्ये फिरवा, थ्रेड चारचे सोळा करा. सॅनिटायझर सोडलेली मेमरी काही काळ बाजूला अडवून ठेवतो, तिची मर्यादा मुळात २५६ मेगाबाइट असते. ॲप खूप मेमरी फिरवत असेल तर जुना पॉइंटर वापरला जाईपर्यंत तो तुकडा पुन्हा वाटला गेलेला असतो आणि चूक निसटते. यंत्रात जागा असेल तर ती मर्यादा वाढवा. थ्रेडचा संशय असेल तर थ्रेड सॅनिटायझरची वेगळी बिल्ड करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

एवढं करूनही ॲड्रेस सॅनिटायझर गप्प राहिला तर कदाचित किंमत न भरलेलं व्हेरिएबल वाचलं जात असेल, ते त्याला दिसत नाही. तिथे व्हॅलग्राइंडचा मेमचेक आणा, उगम शोधण्याचा पर्याय चालू ठेवून. वीस-तीस पट मंद आहे, पण नव्याने कंपाइल करावं लागत नाही. आणि बग आठवड्यातून एकदाच येत असेल तर आरआर हे साधन बघा. ते ॲपची संपूर्ण धाव नोंदवून ठेवतं आणि नंतर जीडीबीत ती उलटी चालवता येते. बिघडलेल्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा आणि मागे जायचं. शेवटचं कुणी लिहिलं तिथे ते थांबतं. ते सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालवतं, त्यामुळे थ्रेडमधल्या काही शर्यती (कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून असलेल्या चुका) त्यात घडतच नाहीत, पण त्याच्या 'केऑस' मोडने त्यातल्या काही बाहेर निघतात.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आज रॅपरच्या कॉपी बंद करा आणि उघडण्याचे फ्लॅग बघा, उद्या लुकअसाइडशिवायची सॅनिटायझर बिल्ड रात्रभर फिरवा. काही सापडलं तर तिन्ही स्टॅक पूर्ण दाखवा, फक्त वरच्या चार ओळी नको.